गादी-उशी एचएसएतून? जरा थांबा

अमेरिकेतल्या मराठी ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: 'गादी, उशी, जड पांघरूण, सगळं एचएसए किंवा एफएसएच्या करमुक्त पैशांतून घ्या. साइटवर पाच प्रश्नांची उत्तरं द्या, डॉक्टरचं पत्र लगेच मिळतं.' एचएसए आणि एफएसए म्हणजे वैद्यकीय खर्चासाठी करमुक्त पैसे बाजूला ठेवायची अमेरिकेतली खाती. पण मेसेजमधलं हे असं सरसकट खरं नाही.

आयआरएसचा, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याचा, निकष खर्च आजाराच्या उपचारासाठी आहे का, हा. नुसती छान झोप लागावी म्हणून घेतलेली मेमरी फोमची उशी त्यात बसत नाही. स्लीप ॲप्नियासाठीचं (झोपेत श्वास अडण्याच्या आजारासाठीचं) हवेच्या दाबाने श्वसनमार्ग उघडा ठेवणारं सीपॅप मशीन, त्याचा मास्क, नळी मात्र बिनदिक्कत बसतात. झोपेच्या ओटीसी, म्हणजे दुकानात थेट मिळणाऱ्या, गोळ्याही 2020पासून प्रिस्क्रिप्शनशिवाय चालतात.

मधली गोष्ट गादीची. तुम्हाला तपासणाऱ्या डॉक्टरने ठरावीक आजारासाठी खास गादी लागेल असं लिहून दिलं, तर दावा करता येतो. पण साधारणपणे साध्या गादीपेक्षा जास्त पडलेल्या रकमेपुरताच. समजा खास गादी 1,800 डॉलरची आणि साधी 1,000ची, तर 800.

आणि ते झटपट पत्र? ग्राहकाने स्वतः भरलेल्या माहितीवर पैसे घेऊन दिल्या जाणाऱ्या अशा चिठ्ठ्यांबद्दल आयआरएसने मार्च 2024मध्ये जाहीर इशारा दिला आहे. विकणाऱ्याला काय, त्याची गादी खपली! एचएसएचं कार्ड चाललं म्हणजे खर्च मान्य झाला, असंही नाही. खर्च अपात्र ठरला तर त्यावर आयकर, शिवाय वय 65च्या आत असेल तर 20 टक्के जादा कर, तुमच्याच माथी. पावती आणि पत्र जपून ठेवा.