गाडीला गावची हवा लागू द्या

मुंबईत जे जे नकोसं होतं ते गावाला पाठवायचं, हा आम्हा चाकरमान्यांचा जुना शिरस्ता. बसका सोफा गेला, दाराला दोरी बांधलेला फ्रीज गेला, आता गाडीची पाळी. तुमचीही गाडी १५ वर्षांची होऊन सोसायटीत जागा अडवत असेल, तर भंगारात द्यायचं पाप करू नका. गावाला न्या. धूर नाही, सिग्नल नाही, समोर समुद्र. माणसं तिथे नव्वदी गाठतात, मग गाडीने काय घोडं मारलंय? मी माझी २००५ची मारुती ८०० अशीच गुहागरकडे हवापालटाला नेली. आता अनुभवाने बोलतो.

न्यायची ती महामार्गानेच. मुंबई-गोव्याचं रुंदीकरण २०११ पासून चालू आहे, त्याचा लाभ घ्या. बुश, लिंक रॉड, शॉकअप, जे काही सैल व्हायचं असेल ते चिपळूणच्या आत होऊन जातं. गावात पोचेस्तोवर खडखडायलाही काही शिल्लक राहत नाही.

गाडी उभी करायची ती माडाखाली. सावली मिळते, आणि नारळ कधी पडेल या विचाराने घरातली माणसं जागरूक राहतात. वरून निळी ताडपत्री घट्ट आवळून बांधा. रत्नागिरी पट्ट्यात पावसाळ्यात ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. ताडपत्रीमुळे त्यातलं आत शिरलेलं पाणी बाहेर जात नाही. दाराच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात, पाणी निथळायला. ती पाचोळ्याने बुजली तर बुजू द्या. काचेखालच्या जाळीत पानं कुजली तरी हात लावू नका, निसर्गाचं आहे ते.

आता मुख्य गोष्ट, हवा. लोखंडाला पाणी आणि प्राणवायू मिळाला की गंज धरतो, हे शाळेत शिकलोच. पण पाण्यात मीठ आलं की त्यातून वीज सहज वाहते आणि हेच काम झपाट्याने होतं. आपल्या हवेत मीठ फुकट आहे. खाऱ्या वाऱ्याने कमी पडत असेल तर दाभोळ-धोपावेच्या फेरीबोटीवर चढताना-उतरताना धक्क्यावरचं पाणी गाडीच्या पोटावर घ्या, पाहुणे आले की वाळूवर चक्कर मारा, आणि घरी येऊन किनाऱ्यालगतच्या विहिरीच्या मचूळ पाण्याने टप तेवढा धुवा. पोट धुवू नये. गोड्या पाण्याने खालून फवारा मारला तर मीठ निघून जातं, मग एवढ्या लांब आणून उपयोग काय?

हे सगळं केल्यावर रंगाखाली फोड येतात. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून रंग वर उचलला जातो. बघणारा म्हणतो, 'इथे जरासं खराब झालंय.' जरासंच म्हणायचं. आमच्या मेकॅनिकने दाराखालच्या रनिंग बोर्डवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने टकटक केलं. दोनदा टणटण वाजलं, तिसऱ्यांदा आवाजच आला नाही, मूठ आत गेली. आतून तपकिरीसारखी भुकटी त्याच्या चपलेवर सांडली. 'काका, इंजिन अजून वीस वर्षं जाईल,' तो म्हणाला, 'फक्त ते कशात बसवायचं ते सांगा.'

खरंच सांगतो, इंजिन ठणठणीत होतं. ७४ हजार किलोमीटर म्हणजे त्याचं वय काहीच नाही. वेळच्या वेळी ऑइल बदललं तर इंजिन दोन लाखांवर सहज जातं. म्हणून कुणी विचारलं, की छातीठोकपणे किलोमीटरच सांगायचे. पावसाळे किती काढले, हे सांगायचं नाही.

घर राखणाऱ्या भाऊंना बजावून ठेवा, आठवड्यातून एकदा जागेवरच पाच मिनिटं स्टार्ट करा. तेवढ्याने सायलेन्सर नीट तापत नाही, आत साठलेलं पाणी वाफ होऊन जात नाही, तो आतूनही सडतो. बॅटरी भरत नाही ती नाहीच. भाऊंना मात्र काम केल्याचं समाधान. मध्ये दोन आठवडे ते लग्नाला गेले, तेवढ्यात उंदरांनी एअर फिल्टरच्या डब्यात नारळाच्या सोडणाच्या काथ्याचं घर बांधलं आणि फावल्या वेळात वायरी खाल्ल्या. टायरला नक्षी शाबूत होती, म्हणून मी खूश. बाजूवर चार आकडे होते, '२३१३'. म्हणजे २०१३चा तेविसावा आठवडा. वापरला नाही तरी रबर म्हातारं होतंच. असे आकडे वाचू नयेत, झोप उडते.

खर्चाचा हिशेब ठेवण्याचीही एक पद्धत आहे. दोन वर्षं काही खर्च नाही आला, तर ते दिवस मोजायचे नाहीत. एकदा पत्र्याचं २२ हजार बिल आलं, की ओटीवर बसून 'यात नवीन गाडीचे दोन हप्ते गेले असते!' असं मोठ्याने म्हणायचं. असे हप्ते वर्षाला बारा आणि तेही पाच-सात वर्षं, हे कुणी मध्ये काढलं तर चहा मागवायचा. आणि पोटाला अँटी-रस्ट कोटिंग करून घ्यायला सांगितलं, तर 'एवढ्या जुन्या गाडीवर कोण पैसे घालणार' हे वाक्य तयार ठेवा. मीही हेच म्हटलं होतं. त्याच आठवड्यात सीट कव्हर आणि मागच्या काचेवरचं 'आईचा आशीर्वाद' नवीन घेतलं.

कागदपत्रांची घाई तर बिलकूल नको. माझ्या गाडीच्या नोंदणीचं नूतनीकरण २०२० मध्ये ६०० रुपयांत झालं. २०२२च्या एप्रिलपासून १५ वर्षांवरच्या मोटारीला ५००० झाले. जुलै २०२५ मध्ये परत मुदत संपली, तेव्हा म्हटलं, गणपती होऊन जाऊ देत. गणपती यायच्या आतच, ऑगस्टमध्ये, २० वर्षांवरच्या मोटारीचं शुल्क १०,००० वर गेलं. बाप्पाच्या कृपेने तेही भरले. त्याआधी पत्र्याच्या भोकांत लांबी (पुट्टी) भरून वरून झकास लाल रंग मारून घेतला होता, तपासणीत कुणाच्या डोळ्यावर आलं नाही.

आता कागदावर माझी ८०० जुलै २०३० पर्यंत धडधाकट आहे. कधी गुहागरकडे आलात तर चक्कर मारून आणीन, मागे बसा. पुढे बसलात तरी हरकत नाही, फक्त पायाखालचा रबरी मॅट तेवढा उचलू नका.