रोजची येळवस

भावकीच्या ग्रुपवर चुलतभावानं परवा ती जुनी बातमी पुन्हा चढवली. 2020 साली लातूर जिल्हा परिषदेनं ठराव केला होता: जो कर्मचारी आई-वडिलांना सांभाळत नाही, त्याच्या पगारातले 30 टक्के कापून त्यांच्या खात्यावर टाकायचे. नंतर काहींचे खरंच कापले, त्यात शिक्षकही होते. खाली चुलतभावानं हात जोडून लिहिलं, ‘काहींनी बोध घ्यावा.’ ते ‘काही’ म्हणजे माझा थोरला भाऊ. दादा जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर आहे आणि त्यानं मायला ठेवता येईल का म्हणून पुण्यातल्या एका केंद्रात नुसती चौकशी केली होती. मग संस्कार, पाश्चात्त्य फॅशन, आपल्यात असलं नसतं. चाळीस मेसेज.

मायला अल्झायमर आहे. हे कळायला दोन वर्षं गेली, कारण सगळ्यांकडे उत्तर तयार होतं, साठी बुद्धी नाठी. देशात साठी ओलांडलेल्यांपैकी 7.4 टक्के, म्हणजे 88 लाखांच्या आसपास लोकांना डिमेन्शिया, म्हणजे अल्झायमरसारखा स्मृतिभ्रंश, असल्याचा अंदाज आहे. मग शंभरातल्या उरलेल्या नव्वद-ब्याण्णवांची साठी कुठं गेली? लातूरच्या डॉक्टरांनी आधी बी-12 आणि थायरॉइड बघितलं, कारण त्यानंही माणूस विसरायला लागतो आणि ते औषधानं सुधारू शकतं. दोन्ही ठीक निघालं. रिपोर्ट चांगला आला म्हणून घरात कुणी जेवलं नाही, असं तेव्हाच बघितलं.

आता इथलं, नेदरलँड्सचं सांगतो. माझ्या शेजारच्या आजींचं निदान झालं आणि थोड्याच दिवसांत हाउसआर्ट्सनं, म्हणजे फॅमिली डॉक्टरनं, आजींची सगळी व्यवस्था बघणारी केसमॅनेजर लावून दिली. आठवड्यातून तीन सकाळी छोटी बस दाराशी येते, आजी धाखबेस्टेडिंगला, म्हणजे दिवसाच्या सांभाळ केंद्रात जातात, लेक कामावर जाते. तिचे संस्कार कुणी काढत नाही. गाडीनं वीस मिनिटांवर वेस्पला होखेवेक आहे, 2009 पासूनचं, डिमेन्शिया असलेल्यांचंच गाव म्हणा ना: गल्ल्या, दुकान, कॅफे, सहा-सात जणांचं एकेक घर. हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. असल्या जागांसाठी रांग असते, आजींच्या लेकीला फॉर्म भरताना रडताना मी पाहिलंय, आणि ती रविवारी येते तेव्हा कॉफीबरोबर एकच बिस्कीट निघतं, हे लिहिलं नाही.

चुलतभावाचा मोठा आरोप कडीचा. दादा मायला कोंडतो म्हणे. अरे बाबा, होखेवेकलाही बाहेर पडायला एकच दार आहे. फरक एवढाच की 2020 पासूनच्या कायद्यानं इथं दार लावायचं तर का लावलं ते लिहून ठेवावं लागतं. दादाचं कारण मी लिहून देतो. पहाटे चारला माय डोक्यावर पाटी घेऊन औश्याच्या रस्त्यानं निघाली होती. पाटीत आंबिलाचं रिकामं बिंदगं. तिच्या लेखी आता रोजच येळवस, म्हणजे रानात जाऊन करायची वेळ अमावास्या, असते, आणि रोजच रानात जायला उशीर झालेला असतो.

आईबापाला टाकून देणाऱ्यासाठी 2007 चा कायदा आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद आहे. न टाकता सांभाळून थकलेल्यासाठी काय आहे, ते चाळीस मेसेजांत कुणी विचारलं नाही. वहिनीचं तर नावही आलं नाही. ती रोज दुपारी तुरीची आणि मुगाची दाळ एकत्र करते आणि मायसमोर सूप ठेवते. माय तास-दोन तास निवडत बसते, दोन ढीग करते, वहिनी ‘लई काम केलंत’ म्हणते. रात्री ती दोन्ही पुन्हा एकत्र ओतते.

हे तिला कुणी शिकवलेलं नाही. मी मात्र इथल्या अल्झायमर कॅफेत, पेशंट आणि घरचे जमतात तिथं, जाऊन शिकलोय. पहिला 1997 साली लायडनला सुरू झाला, आता गावोगाव आहेत. तिथं सांगतात, दुरुस्त करू नका, त्यांच्या जगात जा. मी वहीत लिहूनही घेतलं. आणि सांजच्याला, म्हणजे माझ्या दुपारच्या कॉफीच्या वेळी, व्हिडिओवर मायनं विचारलं, “तुजे आबा आले नाहीत रानातून?” मी म्हणालो, माय, आबा जाऊन नऊ वर्षं झाली. ती रडली, बातमी आत्ताच कळल्यासारखी. वहिनीनं फोन बाजूला ठेवला, तरी मला ऐकू आलं, “औताला उशीर झालाय, येतेत की. तुमी दाळ निवडा.”

मला कळत नव्हतं असं नाही. पण आबा रानात असतात तेव्हा मी कुठंच नसतो. तिच्या त्या सालात माझा जन्मच झालेला नाही.

दादाचे 30 टक्के कापता येतील. वहिनीला पगारच नाही. माझा युरोत येतो, त्याला लातूरचा ठराव लागू होत नाही.

काल वहिनीचा वेगळा मेसेज आला. “भाऊजी, ग्रुपवर तुम्ही लिहिलेलं वाचलं. चांगलं लिहिता. पंधरा दिवस येऊन राहता का? मला माहेरी जाऊन यायचंय, तीन वर्षं झाली.”

माझ्या 25 रजांपैकी नऊ उरल्यात. बाकीच्या मेमध्ये पोर्तुगालला गेल्या.