नाण्यावरचं १७८० आणि अहवालातलं ‘बहुधा’

नमस्कार. जुन्या वस्तू तपासून आम्ही दिलेल्या अहवालाला एक तारा देऊन तुम्ही दोन तक्रारी मांडल्या आहेत: गळ्यातल्यातल्या नाण्यावर ठळक १७८० असताना आम्ही ‘आजच्या ओवणीत विसावं शतक’ म्हटलं, आणि अफगाण म्हणून विकत घेतलेला घोड्याचा साज ‘तुर्कमेन, बहुधा तेके’ ठरवला (तेके ही मध्य आशियातल्या तुर्कमेन लोकांची एक जमात). ‘बहुधा’ लिहायचे पैसे कसले, असा तुमचा सवाल.

आधी नाणं. तो मारिया थेरेसा थेलर, म्हणजे तिच्या नावाचं चांदीचं नाणं आहे. ऑस्ट्रियावर राज्य करणारी ही सम्राज्ञी १७८० मध्ये वारली आणि पुढे हे नाणं जिथे जिथे पाडलं गेलं तिथे साल तेच ठेवलं. व्हिएन्ना, रोम, लंडन, अगदी मुंबईच्या टांकसाळीतही १९४०-४१ मध्ये ते पाडलं गेलं. येमेनपासून इथिओपियापर्यंतच्या बाजारात याच नाण्याला मान होता. तेव्हा त्यावरच्या सालाने दागिन्याचं वय ठरत नाही. तुम्ही ज्यांना अंबर म्हणता ते पिवळे मणी बेकेलाइटचे, म्हणजे एका जुन्या प्लॅस्टिकचे आहेत, आणि बेकेलाइटचा शोध १९०७ चा. मणी मागाहून ओवले असतील, हे शक्य आहे. ‘आजच्या ओवणीत’ हे शब्द त्यासाठीच घातले.

आता साज. विकणाऱ्याने त्याच्या बाजाराचं नाव सांगितलं, घडवणाऱ्याचं नाही. उत्तर अफगाणिस्तानात तुर्कमेन पिढ्यानपिढ्या राहतात, त्यामुळे ‘अफगाण’ हे खोटंही नाही, पण त्यातून काही कळत नाही. तुमच्या म्होरकीवरच्या चांदीच्या पत्र्यांवर कोरीव वेलबुट्टी आहे, तीवर पाऱ्यातून चढवलेला सोन्याचा मुलामा आणि मधल्या कोंदणात लाल अकीक. हा तेके सोनारांचा हात. योमुत या दुसऱ्या तुर्कमेन जमातीच्या कामात सोनेरी पातळ पत्र्याचे ठसे बहुतेकदा साध्या चांदीवर डाखलेले असतात. मग ‘बहुधा’ का? पत्र्यांमागच्या कड्या आणि चामड्याची भोकं जुळत नाहीत. चामडं कुजतं, चांदी नव्या पट्ट्यावर चढते, आणि पट्टा बदलणारा तेकेच असेल असं नाही. म्हणून चांदी आणि चामडं यांच्या नोंदी आम्ही वेगळ्या केल्या. अहवालाचं दुसरं पान पुन्हा पाहावं.

अहवालातला शब्द बदलणार नाही. दोन्ही वस्तू घेऊन आलात तर कड्या आणि भोकं भिंगाखाली दाखवतो, त्याचं शुल्क नाही. तोवर दुसऱ्या कुणाला दाखवण्याआधी साज पावडरने घासू नका. उंचवट्यांवरचा मुलामा आधीच विरळ झाला आहे.