फुल फॉरमॅटचा वेळ खरोखर वाया जातो का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. आपली प्रतिक्रिया कडक असली तरी मुद्द्यांची आहे, म्हणून उत्तर सविस्तर देतो. आपले म्हणणे थोडक्यात असे की, बदली हार्डडिस्कवर विंडोज टाकण्यापूर्वी फुल फॉरमॅट करण्याचा माझा सल्ला शहरी आहे. सेटअपमधले फॉरमॅटचे बटण काही सेकंदांत काम उरकते. आणि दारव्हा तालुक्यातल्या आपल्या गावी, जिथे वीज केव्हा जाईल याचा नेम नाही, तिथे पीकविम्याच्या अर्जांची रांग लागलेली असताना संगणक तासन्‌तास अडवून ठेवणे सेवा केंद्राला परवडत नाही.

वेळेबद्दल वाद नाही. सेकंदाला सरासरी १०० एमबी लिहिणाऱ्या १ टीबी डिस्कला पावणेतीन तास लागतातच. प्रश्न त्या वेळात काय होते हा आहे. सेटअपमधले बटण क्विक फॉरमॅट करते, म्हणजे फाइल सिस्टीमची नवी मांडणी तेवढी लिहून मोकळे होते. उरलेल्या डिस्कला हातही लागत नाही. फुल फॉरमॅट मात्र, विंडोज व्हिस्टापासून, पार्टिशनच्या, म्हणजे डिस्कच्या आखलेल्या विभागाच्या, प्रत्येक भागावर शून्ये लिहितो. (एक्स्पीच्या काळी तो नुसता वाचून तपासत असे.) हा फरक महत्त्वाचा आहे, कारण वाचता न येणाऱ्या सेक्टरचा (डिस्कवरच्या साठवणुकीच्या छोट्या तुकड्याचा) निकाल डिस्क तिथे पुन्हा लिहिण्याची वेळ आली की लावते: लिहिणे जमले तर तो सेक्टर कामात राहतो, नाही जमले तर त्याऐवजी राखीव सेक्टर घेतला जातो. तेव्हा फुल फॉरमॅट ही माझ्या लेखी साफसफाई नव्हे, चाचणी आहे. आणि डिस्कवर गमावण्यासारखे काहीच नसते असा मुहूर्त पुन्हा येत नाही.

आपल्याकडे बदली म्हणून मिळणारी डिस्क पुष्कळदा कुठून तरी काढलेलीच असते. म्हणून आधी क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ती किती तास चालली आहे ते पाहावे, ०५ (राखीव सेक्टरने बदललेले सेक्टर) आणि सी५ (निकाल लागायचे राहिलेले सेक्टर) या ओळींतले आकडे टिपून घ्यावेत आणि फॉरमॅट झाल्यावर पुन्हा पाहावेत. ०५चा आकडा वाढला, किंवा टक्केवारी एकाच आकड्यावर अडून डिस्कमधून टक्‌टक्‌ आवाज येऊ लागला, तर ती डिस्क सरळ दुकानदाराला परत करावी. लोकांचे सातबारे आणि आधारच्या प्रती साठल्यानंतर हे कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे.

विजेचे म्हणाल तर, फॉरमॅट अर्धवट राहिल्याने डिस्क सहसा बिघडत नाही, काम पहिल्यापासून करावे लागते एवढेच. पण साधा यूपीएस पावणेतीन तास ओढणार नाही, म्हणून इन्व्हर्टरवर, मॉनिटर बंद करून, रात्री केंद्र बंद झाल्यावर फॉरमॅट लावावा. मे महिन्यात टिनाच्या छपराखाली दुपारी तर लावूच नये. सलग लिहिताना डिस्क आधीच तापते, त्यात आपले ऊन.

मात्र एका गोष्टीवर आपण काहीच लिहिले नाही, आणि खरा धोका तिथे आहे. जुनी डिस्क जोडलेली ठेवून नवी फॉरमॅट करू नये. दोन्ही १ टीबीच्या असतील तर यादीत दोन्ही ९३१ जीबी दिसतात, आणि डिस्कपार्टमध्ये (विंडोजच्या, आज्ञा टाइप करून डिस्क आखण्याच्या साधनात) चुकीच्या डिस्कवर ‘क्लीन’, म्हणजे सगळी आखणी पुसण्याची आज्ञा, दिली की ते थांबून विचारत नाही. शिवाय जुन्या डिस्कवर ईएफआय पार्टिशन (संगणक सुरू करणाऱ्या फाइल्सचा विभाग) असेल तर सेटअप बूटच्या फाइल्स बहुधा त्यातच ठेवतो, आणि पुढे ती डिस्क काढली की संगणक सुरूच होत नाही. जुन्या डिस्कची साटा केबल (तिला संगणकाशी जोडणारी तार) काढून ठेवायला मिनिटही लागत नाही.

आपल्या संगणकावर ‘कन्व्हर्ट जीपीटी’ केल्यावर विंडोज बसले नाही, ही आपली तक्रार. जीपीटी आणि एमबीआर या डिस्कवरील विभागांची नोंद ठेवण्याच्या नव्या आणि जुन्या पद्धती. आपण सांगता तो संगणक जुन्या बायोसचा (संगणक सुरू करणाऱ्या जुन्या अंगभूत प्रणालीचा) आहे, आणि त्यावर विंडोज सुरू व्हायला डिस्क एमबीआरच लागते. माझा लेख यूईएफआय, म्हणजे बायोसची जागा घेणारी नवी प्रणाली, असलेल्या संगणकांपुरता होता. एमबीआरवर २ टीबीच्या पुढची जागा वापरता येत नाही, पण आपली डिस्क १ टीबीची असल्याने ती अडचण येणार नाही. ‘क्लीन’ आणि ‘कन्व्हर्ट एमबीआर’ करून, एक पार्टिशन बनवून त्यावर फुल फॉरमॅट लावावा. तो नीट पार पडला की सेटअपमध्ये ते पार्टिशन काढून, रिकामी जागा निवडून पुढे जावे. आणि जुन्या संगणकात एसएसडी बसवणार असाल, तर तिथे आपलेच म्हणणे योग्य आहे: क्विक फॉरमॅट पुरतो.