सत्तर अंशांना प्रोसेसर जळत नाही

दर उन्हाळ्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर एक मेसेज फिरतो: 'प्रोसेसर ७० अंशांवर गेला की जळतो. झाकण काढा, कॅबिनेटसमोर कूलर लावा, थर्मल पेस्ट भरपूर भरा.' यंदा तो वाचून इंदूरच्या राजेंद्र नगरमधल्या माझ्या भाच्याने स्वतः जोडलेला कॉम्प्युटर दुपारी लावणंच सोडलं, तेही प्रोजेक्ट तोंडावर आलेलं असताना.

७० ही जळण्याची रेषा नाहीच. त्याच्या एएमडी कंपनीच्या रायझन ५ ५६०० प्रोसेसरची कमाल मर्यादा ९० अंश आहे. रायझन ७००० मधल्या बहुतेकांची ९५, इंटेलच्या बऱ्याच डेस्कटॉप प्रोसेसरची १००. तिथे पोचला की प्रोसेसर आपला वेग आपणच उतरवतो. तरीही तापत राहिला तर मशीन बंद होतं.

शिवाय हवेवर चालणारा कुठलाही हीटसिंक (प्रोसेसरवर बसवलेला, त्याची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. इंदुरात जानेवारीत खोली २० अंशांवर असताना जो गेम ६५ दाखवतो, तोच मे महिन्यात ३६ च्या खोलीत ८० च्या घरात जाणार. त्याला बिघाड म्हणत नाहीत. प्रोसेसरच्या आकड्याशेजारी खोलीचा आकडाही लिहून ठेवा आणि दोन्हींतला फरक बघा. तो फरक वाढला, तर मात्र कुठेतरी पाणी मुरतंय.

भाच्याकडे तसंच होतं. तापमान दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो हे सॉफ्टवेअर लावून पाहिलं: खोली ३५, नुसतं बसल्याबसल्या ६८, आणि रेंडर (प्रोसेसरला दमवणारं चित्रं तयार करण्याचं काम) सुरू करताच ९० ला टेकून वेग खाली. हीटसिंक उतरवला तर तळाची पारदर्शक प्लास्टिकची फिल्म तशीच चिकटलेली! मेसेजबरहुकूम भरलेली पेस्ट तिच्याखालून ओघळून प्रोसेसर बसतो त्या सॉकेटच्या कडेला लागली होती. पेस्टचं काम दोन धातूंमधल्या बारीक फटी भरण्यापुरतं. धातू तिच्यापेक्षा कितीतरी चांगली उष्णता वाहून नेतो, म्हणून थर पातळच हवा. फिल्म काढली, जुनी पेस्ट पुसली, वाटाण्याएवढी नवी लावली. तेच रेंडर आता ७२ वर चालतं, तासन्‌तास. मेसेजवर विसंबून मशीन बंदच ठेवलं असतं, तर हे कधी कळलंच नसतं.

झाकण काढून दहा अंश उतरले, तर ती खूण समजा: समोरून हवा आत येत नाहीये. समोरची जाळी झाडा, मागचा पंखा हवा बाहेरच फेकतोय ना ते बघा, आणि झाकण परत लावा. उघड्या कॅबिनेटमध्ये आपल्याकडची मे महिन्यातली धूळ आठवड्याभरात पंख्यांवर बसते.

राहिला कूलर. खसच्या जाळीतून पाण्याचे थेंब उडतात, क्षारांसकट, म्हणून त्याचं तोंड कॅबिनेटकडे कधीही नको. तो खिडकीत बसवा आणि समोरचं दार उघडं ठेवा. खोली सहा अंश उतरली की प्रोसेसरही जवळपास तेवढाच उतरतो.