गच्चीवर शेळी पाळू इच्छिणाऱ्यांसाठी

जळगावात किंवा धुळ्यात एखाद्या इमारतीच्या गच्चीवर शेळी पाळण्याचे आपण ठरविले असेल, तर सर्वप्रथम आपले अभिनंदन केले पाहिजे. मे महिन्यात जेथे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि दुपारी माणूस कपडे वाळत घालायलाही वर जात नाही, तेथे पत्र्याखाली एक जनावर बांधून ठेवण्यासाठी प्राणिप्रेम फार उच्च दर्जाचे असावे लागते.

शेळी एकच घ्यावी. शेळी हा कळपात राहणारा प्राणी आहे. एकटी पडली की ती सोबतीसाठी हाका मारीत राहते आणि उत्तर न मिळाल्यास आवाज वाढविते. दोन घेतल्या तर त्या एकमेकींना टेकून निवांत रवंथ करीत बसतील, आणि मग आपल्याकडे शेळी आहे हे गल्लीला कळणार कसे? चाऱ्याच्या वेळाही रोज बदलत्या ठेवाव्यात. ठरावीक वेळी चारा मिळणारी शेळी त्या वेळेपुरतीच ओरडते; वेळेचा भरवसा नसलेली शेळी मात्र जिन्यात वाजणाऱ्या प्रत्येक पावलाला दाद देते, मग ते पाऊल दूधवाल्याचे का असेना. चारा म्हणून दादर ज्वारीचा कडबा टाकून मोकळे व्हावे. शेळीला खरी आवड पाल्याची, मागच्या पायांवर उभे राहून बाभूळ, बोर किंवा शेवरी ओरबाडण्याची. पण ती हौस शेजारच्या वहिनींच्या कुंडीतील जास्वंदीवर भागते. कुंडी कण्हेरीची असेल तर मात्र शेळीला दूर ठेवावे, कारण कण्हेर विषारी असते आणि मेलेल्या शेळीची तक्रार कोणाकडे करावी, हा प्रश्न जिवंत शेळीच्या तक्रारीपेक्षा अवघड आहे.

खरी परीक्षा माजाच्या काळात होते. गाभण न राहिलेली शेळी साधारण २१ दिवसांनी माजावर येते, एक-दोन दिवस शेपटी हलवीत अखंड ओरडते आणि त्या काळात चाऱ्याकडे ढुंकूनही पाहत नाही. अशा रात्री खालच्या मजल्यावरील काका दार ठोठावू लागले, तर त्यांना कायद्याच्या भाषेत उत्तर द्यावे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागातील मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल असून रात्र १० वाजता सुरू होऊन सकाळी ६ वाजता संपते. सण-उत्सवांसाठी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत ध्वनिक्षेपकाला सवलत देण्याचा अधिकार शासनाला आहे. शेळीचा माज वर्षाकाठी सतरा वेळा येऊ शकतो आणि ती ध्वनिक्षेपक वापरत नाही, एवढे दोन मुद्दे शांतपणे मांडावेत. ज्या काकांनी मुलाच्या लग्नात डीजेच्या भिंती लावून चौकातील काचा हलविल्या होत्या, त्यांना हा युक्तिवाद लवकर उमजेल. (ते तरीही संतापतील, डीजेवर नाचता येते, शेळीवर नाही.)

शेळीला गाभण ठेवल्यास माजाचा प्रश्न सुमारे १५० दिवसांपुरता मिटतो, पुढे घरचे दूधही मिळते, आणि गच्चीवरील शेळीपालनाची मूळ प्रेरणा बहुधा हीच असते. मात्र त्या दुधाचे आणखी एक-दोन हक्कदार, म्हणजे करडे, सोबतच येतात. दूध अधिक मिळावे म्हणून त्यांना एका दिवसात आईपासून तोडून गच्चीच्या दुसऱ्या टोकाला बांधावे. शेळी आपल्या करडाचा आवाज नेमका ओळखते, करडूही आईचा ओळखते, त्यामुळे पुढील काही दिवस दोन्ही टोकांकडून होणारा संवाद संपूर्ण कॉलनीला ऐकता येतो. हळूहळू, थोड्या थोड्या वेळाने दूर करण्याची पद्धत खेड्यातले लोक वापरतात; त्यांच्याकडे वेळ असतो, आपल्याला कार्यालयात जायचे असते.

करडांत बोकड निघाला तर तो वेळेत खच्ची करून घ्यावा, असे पशुवैद्य सुचवितील. न करावा. वयात आलेला बोकड स्वतःच्याच दाढीवर मूत्र शिंपडून जो दरवळ निर्माण करतो, त्यापुढे आवाजाविषयीच्या सर्व तक्रारी आपोआप मागे पडतात.

एवढ्यानेही सोसायटीची सभा बोलावली गेलीच, तर बोकड नवसाचा आहे असे जाहीर करावे. त्या क्षणापासून कोणी त्याच्या आवाजाबद्दल विचारणार नाही, सर्वजण तारखेबद्दल विचारतील. सेक्रेटरी स्वतः उरलेल्या पोळ्यांचा डबा घेऊन जिने चढतील आणि बोकडाच्या पाठीवर हात फिरवून वजनाचा अंदाज घेतील. पोळ्या आणि धान्य जास्त झाल्यास शेळ्या-बोकडांच्या पोटात आम्ल वाढून ते दगावू शकतात, म्हणून तो डबा विनयाने परत करावा. तारीख मात्र पुढच्या वर्षीची सांगावी, आणि पुढच्या वर्षी पुन्हा पुढच्या वर्षीची.