छप्पर दादाचं होतं, हो

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. त्याच रात्री एक उत्तर लिहिलं आणि पुसून टाकलं, कारण त्यात रागाशिवाय काही नव्हतं. आज सविस्तर लिहिते.

ज्यांच्या वाचनात ती आली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मोठं होणं म्हणजे काय, यावरच्या लेखात मी म्हटलं होतं की स्वतःचा खर्च स्वतः भागवला म्हणून कुणी आपोआप स्वतंत्र आणि जबाबदार होत नाही. आपल्या निर्णयाचा जाब कुणी विचारला तर दुसऱ्याकडे बोट न दाखवता जो उत्तर देतो, त्याला मी मोठा झालेला माणूस म्हणते. त्यावर तुमचे आक्षेप असे: जर्मन तत्त्वज्ञ कांटच्या 'प्रबोधन म्हणजे काय?' या निबंधाचं साल चुकलं. मानसशास्त्रज्ञ जेफ्री आर्नेट यांच्या मोठं होण्याच्या निकषांतला पैशाचा निकष मी गाळला. कायद्यानं १८ वर्षं ठरवून दिलेली असताना एवढा काथ्याकूट कशाला. हातात स्वतःचा पैसा नसेल तर माणसाला 'नाही' म्हणता येत नाही. आणि सगळ्यात शेवटी, "आयत्या छपराखाली बसून स्वातंत्र्याच्या व्याख्या करणं सोपं असतं, मॅडम."

सालाचं मान्य. १७८४ हवं होतं, मी १७८१ लिहिलं. लेखात दुरुस्ती केली आहे. चूक दाखवलीत त्याबद्दल आभार, आणि हे मनापासून म्हणते.

१८ वर्षांबद्दल फार बोलण्यासारखं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातसुद्धा १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक म्हटलंय, पण त्याला लागू असलेल्या कायद्यानं सज्ञानपण आधी येत असेल तर त्याला जागा ठेवली आहे. रेघ कुठंतरी ओढावी लागते म्हणून ओढलेली असते. त्या दिवसापासून कागदावर सही करायचा हक्क मिळतो. केलेल्या सहीला जागायचं कसं, ते त्या दिवशी सकाळी कुणी शिकवून जात नाही. हे तुम्हालाही ठाऊक आहे, त्यामुळे पुढे जाते.

आता छप्पर.

हे वाक्य तुम्ही मुद्दा म्हणून लिहिलंत असं मला वाटत नाही. मुद्दा मांडणारा माणूस लेखातलं वाक्य पकडतो, लिहिणाऱ्याच्या घरात डोकावत नाही. एका जुन्या लेखात मी ओघात सांगितलं होतं की काही महिने मी दादा-वहिनीकडे राहत होते. ते तुम्ही लक्षात ठेवलंत आणि नेमक्या वेळी बाहेर काढलंत. शिवाय ते 'मॅडम'. तुमची आधीची सगळी वाक्यं कडक आहेत पण सरळ आहेत, त्यांत कुठंही मॅडम नाही. शेवटच्याच वाक्यात ती का आली? समोरच्याला खाली बसवायचं असलं की आपण आदराचा शब्द पुढे करतो, हे मराठी बोलणाऱ्या कुणालाही कळतं. मलाही कळतं. विरोधाचं मला वावडं नाही. इथं माझ्याशी वर्षानुवर्षं भांडणारे वाचक आहेत आणि त्यांच्यामुळे मी चार गोष्टी शिकले आहे. पण ते माझ्याशी भांडतात, माझी लायकी काढत नाहीत.

असो. तुम्ही घराबद्दल बोललात, तर घराबद्दलच बोलू.

चोविसाव्या वर्षी मी एकटी राहत होते. भाड्याची खोली, पक्की नोकरी, पगार माझ्या खात्यात. तुमच्या मापानं मी तेव्हा पूर्ण स्वतंत्र होते. विजेची बिलं दाराखालून आत सरकवली जायची. पहिलं पाकीट मी टेबलावर ठेवलं, दुसरं त्याच्यावर. तिसरं आलं तेव्हा तिन्ही उचलून कपाटात कपड्यांच्या खाली सारली, डोळ्यांसमोर नकोत म्हणून. पैसे नव्हते असं अजिबात नाही. पाकीट फोडायचं, आकडा बघायचा, कुठं भरायचं ते शोधायचं, एवढंच काम होतं आणि तेवढंच माझ्यानं होत नव्हतं. एका संध्याकाळी कुलूप काढून आत आले, बटण दाबलं, दिवा लागला नाही. जिन्यात उजेड होता. शेजारच्या खोलीत होता. मी अंधारात गादीवर बसून बाबांना फोन लावला आणि रडत म्हणाले, "बघा ना, न सांगता वीज तोडली." न सांगता! तीन पाकिटं कपाटात होती. बाबा दुसऱ्या दिवशी रजा टाकून आले, सगळं भरलं, मला एका शब्दानं बोलले नाहीत आणि संध्याकाळी परत गेले. ते पैसे मी त्यांना महिन्याभरात फेडले, म्हणजे हिशेब मांडला तर खर्च माझाच. पण त्या दिवशी माझ्या वतीनं उत्तर कुणी दिलं?

म्हणून मी कांटकडे गेले होते, विद्वत्ता मिरवायला नव्हे. साल चुकलं, निबंध चुकला नाही. दुसऱ्यानं हात धरल्याशिवाय स्वतःची बुद्धी न वापरता येणं, याला तो पोरवय म्हणतो. आणि बुद्धी असून केवळ धीर नाही म्हणून हे होत असेल तर ते आपणच ओढवून घेतलेलं पोरवय, असं म्हणतो. माझ्या जागी समजणारं पुस्तक आहे, माझ्या जागी पापपुण्य ठरवणारा धर्मगुरू आहे, मी काय खावं ते ठरवणारा डॉक्टर आहे. मग मला कष्ट कशाला, पैसे मोजता आले की विचार करायची गरज उरत नाही, अशा अर्थाचं तो लिहितो. पैसे मोजता येणं हे तिथं मोठेपणाचं लक्षण म्हणून आलेलं नाही. लहानच राहण्याची सोय म्हणून आलं आहे. तुम्ही साल तपासलंत तेव्हा हा भागही नजरेखालून गेलाच असेल.

पस्तिसाव्या वर्षी मी जिथं काम करत होते ते बंद पडलं आणि मी चौदा महिने दादाकडे राहिले. पहिल्याच संध्याकाळी दोघांना समोर बसवून सांगितलं: शिल्लक इतकी आहे, दर महिन्याला इतकेच देता येतील, घरातली ही ही कामं माझी. दादा "हे कशाला" म्हणत उठायला लागला, वहिनीनं त्याला बसवलं. तिला ते ऐकायचं होतं, आणि ते बरोबरच होतं.

भाच्याचा कान दुखत असे. त्याला डॉक्टरांकडे न्यायचं काम मी अंगावर घेतलं होतं. एकदा ती वेळ मी साफ विसरले. दुपारी कॅलेंडरवर नजर गेली तेव्हा दोन तास उलटले होते. वहिनी कामावरून यायला अजून वेळ होता. डॉक्टरांनीच वेळ बदलली, असं सांगता आलं असतं; कुणी तपासायला जाणार नव्हतं. मी फोन करून पुढची वेळ घेतली आणि ती चप्पल काढत असतानाच म्हटलं, "आज मी विसरले. शुक्रवारची वेळ मिळाली आहे. तोवर त्याला त्रास झाला तर रात्री मी जागेन." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग कॅलेंडरजवळ जाऊन आजची तारीख खोडली, शुक्रवारवर गोल केला आणि पेन माझ्या हातात दिलं. पुढच्या दोन रात्री मी जागले.

हे तुमचं आयतं छप्पर. त्याच्याखाली मी जे शिकले ते स्वतःच्या भाड्याच्या खोलीत शिकले नव्हते.

विनिकॉट या मनोविश्लेषकानं १९६३ मध्ये मांडलं होतं की मूल संपूर्ण अवलंबनाकडून स्वावलंबनाच्या दिशेनं जात राहतं, पण ते स्वावलंबन कधीच संपूर्ण नसतं. डेसी आणि रायन या मानसशास्त्रज्ञांनी तर स्वायत्तता आणि कुणावरही अवलंबून नसणं या दोन गोष्टी वेगळ्याच काढल्या आहेत. त्यांच्या मांडणीत स्वायत्ततेच्या विरुद्ध टोकाला आधार घेणं नाही, दुसऱ्याच्या दाबाखाली वागणं आहे. ज्यांना आयुष्यभर दुसऱ्याच्या हातानं जेवावं लागतं, चालावं लागतं, अशी माणसं आपापले निर्णय घेतात आणि निभावतात. तुमचं वाक्य त्यांनाही लागतं. लिहिताना हे तुमच्या ध्यानात आलं नसावं, असं मी धरून चालते.

आर्नेट यांच्या पाहण्यांमध्ये तरुणांनी पुन्हा पुन्हा पुढे केलेल्या निकषांत आर्थिक स्वावलंबन आहे, हे खरं आणि मी ते द्यायला हवं होतं. पण त्याच्या जोडीला, तेवढ्याच ठळकपणे, स्वतःची जबाबदारी घेणं आणि स्वतःचे निर्णय स्वतः घेणं हेही आहे. पैसा एवढंच माप असतं तर बाकीचे दोन निकष त्या तरुणांनी वेगळे कशाला सांगितले असते? 'पैशाशिवाय नाही म्हणता येत नाही' हा तुमचा मुद्दा निराळा आहे, त्यावर पुढेमागे लिहीन. या लेखाचा तो विषय नव्हता.

तुम्ही सतराव्या वर्षापासून कमावता असं लिहिलंत. त्याबद्दल मला आदर आहे, कारण त्या वयात मी काय होते ते मला माहीत आहे. पण त्या कष्टांची काठी करून दुसऱ्याच्या पाठीत घालू नका. चौदा महिन्यांत मी दादाला किती दिले, किती द्यायचे राहिले, ते एका वहीत आहे. शेवटची रक्कम दिली त्या दिवशी वहिनीनं खाली तारीख घातली. ती वही मी तुम्हाला दाखवणार नाही, कारण तो हिशेब त्या दोघांचा आणि माझा आहे.

तुमची प्रतिक्रिया काढून टाकलेली नाही, टाकणारही नाही. पुढे बोलायचं असेल तर जरूर बोला. 'आयतं' हा शब्द मात्र आधी मागे घ्या.